काटे काढलेला खांब

लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही. मीही उत्तरपत्रिका सोडली तर चार पानं सलग कधी लिहिलेली नाहीत. जे सांगायचं आहे ते माझ्या तोंडून ऐकायला गावातल्या काही जणांना आवडणार नाही, आणि त्यांचं त्यात काही चुकत नाही. पण ज्या खांबाबद्दल हे आहे त्याची नोंद जेमतेम दोन ओळींची आहे आणि त्या दोन ओळी मी भरलेल्या आहेत. म्हणून राहिलेलंही मीच लिहावं असं वाटलं.

पारोळ्याकडून धुळ्याला जाताना मोठ्या रस्त्यावर आमचा फाटा लागतो. गाव तिथून आत एक किलोमीटरवर. फाट्यावर बसथांब्याची शेड, समोरच्या बाजूला चहाचं दुकान, थोडं पुढे एक मोठा लिंब, आणि रस्त्याच्या कडेने लोखंडी खांबांची रांग. त्या खांबांवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते. निम्मे लागायचे, निम्मे नाही. लागलेले दिवेही अर्धा तास नुसते गुणगुणत असायचे आणि मग हळूहळू उजळायचे.

हे दिवे लावायचं काम नानाकडे होतं. नाना गावचा वायरमन. माझं त्याच्याशी रक्ताचं नातं नाही, पण लहानपणी मी जितका वेळ घरी असायचो तितकाच त्याच्या सायकलीमागे असायचो. शेडच्या भिंतीला एक पत्र्याची पेटी होती, तिची किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली असे. दिवेलागणीला तो पेटीपाशी येऊन उभा राहायचा, पण लगेच खटका वर करायचा नाही. निंदायला किंवा कापूस वेचायला गेलेल्या बायांची रिक्षा येऊन रिकामी होईपर्यंत थांबायचा. मग रांगेच्या शेवटच्या खांबापर्यंत चालत जायचा, परत यायचा, दोन्ही बाजूंना बघायचा आणि ओरडायचा, "लावस रे दिवा!" त्यानंतरच खटका. त्याची ती हाक ऐकली की खांबाला टेकून बसलेला माणूसही उठून बाजूला व्हायचा. चहावाला म्हणायचा, "नाना, तुन्हा दिवापेक्षा तुन्हा आवाजना उजेड जास्त पडस." नाना हसायचा नाही. या कामात तो कधीच हसायचा नाही.

लिंबाखालचा खांब मात्र वेगळा होता. त्याला छातीइतक्या उंचीपर्यंत बाभळीच्या काट्या तारेने बांधलेल्या असायच्या. पावसाळ्यानंतर त्या कुजायच्या, की नाना नव्या तोडून आणून बांधायचा. वरचा दिवा माझ्या आठवणीत कधी लागलेला नव्हता. लहानपणी आम्हाला सांगितलेलं होतं, "त्या खांबले हात लावू नका, तो चावस." माझ्या जन्माआधी तिथे कोणाची तरी शेळी चिकटून मेली होती म्हणे. मोठा झाल्यावर मला वाटू लागलं की पोरांनी खांबावर चढू नये म्हणून मोठ्यांनी ही गोष्ट रचली असावी. चावणारा खांब, पांढऱ्या साडीतली बाई, विहिरीतला हात, या सगळ्या गोष्टी मी एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या.

जळगावला विद्युत शाखेत प्रवेश घेतला तेव्हा नानाने मला त्याचा जुना टेस्टर दिला. पिवळ्या मुठीचा. नंतर त्याचं वय झालं, काम सुटलं आणि तो शिरपूरला मुलीकडे राहायला गेला. पेटीची किल्ली त्याने परत केली नाही आणि कोणी मागितलीही नाही; दुसरी पंचायतीत होती, तिथला शिपाई आठवेल तेव्हा दिवे लावायचा.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमच्या सरांनी वर्गात विचारलं, जळगाव-धुळे रस्त्यावर कोण राहतं? रस्त्यावरचे जुने दिवे काढून एलईडी बसवायचे होते. ठेकेदाराला आधी प्रत्येक खांबाची पाहणी करून हवी होती. मी हात वर केला. कॉलेजात मी हात फार वेळा वर केलेला नाही, म्हणून तो क्षण नीट लक्षात आहे.

काम सोपं होतं. खांबावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा, मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिवा चालू की बंद ते भरायचं आणि खांबाचा बुडापासून टोकापर्यंत स्वच्छ फोटो काढायचा. फोटोत खांबाला काही बांधलेलं, चिकटवलेलं दिसलं तर ॲप तो घेत नसे. मी खांबांवरचे फलक उतरवले, कोणाची म्हैस बांधायची दोरी सोडली, आणि एका दुपारी लिंबाखाली आलो.

काट्यांना हात घालण्याआधी मी टेस्टर लावला, हे मला सांगायलाच हवं. खांब दोन जागी खरवडून टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला नाही. पुन्हा टेकवला. नाही. मग हात लावला. गार लोखंड, दुसरं काही नाही. मला मनातून आनंद झाला. लहानपणापासून ज्याला भ्यायलो ते मी शिकून, हातातल्या हत्याराने खोटं ठरवलं असं वाटलं.

मी तार सोडत होतो तेवढ्यात माझी आत्या डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आली. तिला घरात आणि गावात सगळे अक्का म्हणतात.

"कसाले काढस रे त्या?" ती थांबली. "नानानी बांधेल शेतस."

"अक्का, काही नाही याच्यात. हे बघ." मी खांबाला तळहात लावून दाखवला.

ती भारा सावरत बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकेल शे भाऊ. तुले जास्त समजस." आणि गेली.

ॲपमध्ये मी भरलं: दिवा बंद. दुरुस्ती आवश्यक. भरताना मला खरंच वाटत होतं की मी चांगलं काम करतो आहे. लिंबाखाली नेहमी अंधार असायचा, बाया रिक्षातून उतरून तिथूनच गावाकडे वळायच्या. माझी आईही त्यांच्यात असायची. आता तिथे उजेड पडणार होता.

होळीच्या सुमारास दिवे बसले. खांब तेच, आतली वायर तीच, फक्त वरचं डोकं नवं. शेडजवळ एक बंद कपाट बसवलं, त्यात यंत्र. संध्याकाळी अंधार पडू लागला की दिवे आपोआप लागतात, सकाळी आपोआप विझतात. खटका नाही, किल्ली नाही, हाक नाही. नानाची पत्र्याची पेटी जुन्या जागीच राहिली, तिच्या वायरी भिंतीच्या मागच्या बाजूला कापून टाकलेल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं की पांढरा लख्ख उजेड पडतो, रस्त्यावर सुई पडली तर दिसेल. लिंबाखालचा दिवाही लागला. मला फार बरं वाटलं.

आखाजीला मी घरी गेलो. आखाजी हा आमच्याकडे पितरांना पाण्याची घागर देण्याचा सण. अक्काचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात पारोळ्याच्या बाजारातून पायी येताना याच रस्त्यावर पडला आणि उठला नाही. तेव्हापासून दर आखाजीला ती फाट्यावर पाणपोई मांडते. पितरांचं पाणी आहे म्हणून रांजणाला हळदकुंकू लावते आणि आमच्या गावचा कोणीही पायातलं काढल्याशिवाय त्या रांजणाला हात लावत नाही. परका माणूस चपला घालून पितो, त्याला कोणी काही म्हणत नाही.

एरवी पाणपोई चहाच्या दुकानाशेजारी असायची. त्या दिवशी मी बसमधून उतरलो तर रांजण लिंबाखाली, खांबाला लागून ठेवलेला होता. भोवती ओलं गोणपाट. खाली सांडलेल्या पाण्याने चिखल झालेला. आणि स्टीलच्या ग्लासला साखळी, साखळीचं दुसरं टोक खांबाला गुंडाळून कुलूप लावलेलं.

मी तिथेच उभा राहिलो. अक्का झाकणी पुसत होती.

"इथे का मांडली यंदा?"

"सावली शे. काटाबी निंघी गयात. अन् रातले दिवा ऱ्हास, वाटसरूले रांजण दिसस."

"आणि साखळी?"

"मांगला साले दोन ग्लास गयात. लोके पानी पेतस अन् ग्लास लई जातस."

"साखळी दुसरीकडे बांध ना, अक्का. लिंबाला बांध."

चहावाला पलीकडून ऐकत होता. तो म्हणाला, "इंजिनेर व्हई गया अन् खांबले भ्यास." दोघंतिघं हसले. अक्का हसली नाही. तिने त्यांना ठणकावून सांगितलं, "मन्हा भाचानी तपासेल शे तो खांब. त्यानी स्वतः हात लावा." आणि चपला काढायला लावून मला ग्लास भरून दिला. मी अनवाणी चिखलात उभा राहून पाणी प्यालो. साखळी खुळखुळली. काही झालं नाही. दुपार होती.

तरी मला ते पाणी नीट गेलं नाही. का, ते सांगता येत नव्हतं. परीक्षा तोंडावर होती म्हणून चारची बस धरून मी जळगावला परतलो. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

आठवड्याने आबांचा फोन आला. आधी ते बोलले, मग अक्काने फोन घेतला. तिच्याकडे वेगळा फोन नाही. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू? सांजले ग्लास धुवस तवय हातमा मुंग्या येतस. कोनती गोळी लेऊ?"

"रोज येतात?"

"वावधान व्हयनं तवयपासून. जरा जास्तच."

त्या आठवड्यात दोनदा वावधान सुटलं होतं, धुळीचं वादळ, पत्रे उडवणारं. मी म्हणालो, मनगट दुखावलं असेल, तेल लाव. ती म्हणाली, बरं. तिच्या पायात रबरी चप्पल असते का, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर कळलं की पाणपोई आवरताना ती रांजणाला नाही, फक्त ग्लासला हात लावते, म्हणून चप्पल काढत नसे.

पुढच्या सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क आणि शांत होते. सोपे प्रश्न विचारत होते. माझ्या आधीच्या मुलाला त्यांनी विचारलं, "मशीनच्या बॉडीत करंट उतरतो आहे. तू सप्लाय बंद केलास आणि टेस्टर लावलास. काय दिसेल?"

तो म्हणाला, "काहीच नाही, सर."

"म्हणजे मशीन चांगलं आहे?"

सगळे हसले. इतका सोपा प्रश्न होता. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि मला भर दुपारचा तो लिंब दिसत होता. दुपारी दिवे बंद असतात. दुपारी वायरीत काही नसतंच. मी झोपलेल्या जनावराच्या तोंडात हात घालून, हे चावत नाही, असं गावाला सांगून आलो होतो.

माझा नंबर आला तेव्हा मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. बाहेर येऊन आधी आबांना फोन लावला. वाजत राहिला. ते पारोळ्याला मका घेऊन गेले होते, बाजार समितीच्या गोंगाटात त्यांना फोन ऐकू येत नाही. मग ठेकेदाराच्या सुपरवायझरला लावला. त्याने खांबाचा नंबर विचारला आणि म्हणाला, "इथे काम पूर्ण दाखवतंय. तक्रार पंचायतीकडून येऊ द्या."

"सर, खांबात करंट उतरतोय."

"अहो, एलईडी आहे तो. वॅट किती कमी झालेत. आता कुठला शॉक बसतो?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग मी शिरपूरला नानाला फोन केला. काटे काढल्याचं, टेस्टरचं, साखळीचं, अक्काच्या हातातल्या मुंग्यांचं, सगळं सांगितलं. नाना म्हणाला, "भाऊ, तो दिवा बंद नव्हता पडेल. मी बंद करी ठेयेल व्हता."

मग त्याने सांगितलं. त्या खांबाच्या आत वायर कुठेतरी घासलेली आहे. बदलून मागितली, वर्षानुवर्षं मिळाली नाही. म्हणून त्याने वरच्या दिव्याला जाणाऱ्या वायरचं टोक पुरवठ्यापासून सोडवून टाकलं होतं आणि तरी भरवसा नको म्हणून काटे बांधले होते. हे त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. काटे दिसले की कळतं, असं त्याला वाटायचं. आणि त्याच्या जागी जो आला असता त्याला कळलंही असतं.

"मी आत्तेच निंघस," तो म्हणाला. "सांज व्हवाना पहिले पोचस."

"मी पण येतो."

"तुन्ही परीक्षा शे ना? दे तू परीक्षा."

दुपारच्या सत्रात माझा आणखी एक पेपर होता. बस तासाभराने होती, पेपर अर्ध्या तासाने. नाना जातो आहे, नानाइतकं कोणाला कळतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि वर्गात जाऊन बसलो. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याला अर्थ उरत नाही.

पेपर सुटल्यावर आबांचा फोन लागला. ते ट्रॅक्टरवर परत निघाले होते. सगळं ऐकून म्हणाले, थेट फाट्यावर जातो, कोणालाच हात लावू देत नाही. मला थोडं हलकं वाटलं. दोन माणसं निघाली होती. सूर्य अजून वर होता.

खोलीवर गेलो नाही. कॉलेजसमोर मोठा रस्ता आहे, त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून राहिलो. हाच रस्ता सरळ आमच्या फाट्यावरून जातो. गाड्या पश्चिमेकडे जात होत्या, त्यांच्या काचांवर ऊन होतं, मग नव्हतं. शेजारी भुट्टेवाला निखारे फुलवत होता. आकाश राखाडी झालं. आणि कोणी काही न करता, कोणी न ओरडता, माझ्या डोक्यावरचा दिवा लागला. त्याच्या पुढचा लागला. नजर जाईल तिथपर्यंत सगळी रांग एकदम पांढरी झाली.

मी उठून उभा राहिलो. नानाने दिवे कोण लावतं हे विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. त्या फाट्यावरचे दिवे त्याच्या हाताशिवाय लागलेले त्याने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

त्याचा फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला. आबांचाही लागला नाही. भुट्टेवाल्याने विचारलं, "काय झालं भाऊ?" मी काहीतरी उत्तर दिलं. येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचत होतो. मग एक बस पारोळ्याची पाटी लावून आली, तिच्यात चढलो. जागा नव्हती. दाराशी उभा राहिलो. बाहेर खांबामागून खांब येत होते. त्यांतल्या काहींवर नंबर माझ्या हातचे होते, पांढऱ्या उजेडात दुरूनही वाचता येत होते.

एरंडोल मागे पडल्यावर फोन आला. आबा होते. मागे माणसांचा आवाज होता, कोणीतरी बाई रडत होती.

"अक्का?" मी विचारलं.

"अक्का बरी शे. घरमा व्हती ती. मन्हं ट्रॅक्टर फाटावर उनं तवय नाना तठेच पडेल व्हता. दूरतूनच देखा मी त्याले."

ते एकेक वाक्य शोधून सांगत होते. चहावाल्याने त्यांना सांगितलेलं ते मला सांगत होते. नाना बसमधून उतरला तो आधी शेडपाशी गेला. करदोट्याची किल्ली काढली, जुनी पेटी उघडली, आत पाहिलं. खटका खाली होता. पेटी परत बंद केली, कुलूप लावलं. शेवटच्या खांबापर्यंत चालत गेला आणि परत आला. रिक्षा येऊन बाया उतरल्या, त्यांना लिंबापासून लांबून जायला सांगितलं. मग रांजणापाशी आला, तो उचलून बाजूला ठेवायचा म्हणून वहाणा काढल्या, चिखलात उभा राहिला आणि साखळीचं कुलूप फोडायला दोन्ही हातांनी साखळी धरली.

"तवयच दिवा लागी गयात," आबा म्हणाले.

बसमध्ये वाहक तिकीट मागत होता. मी खिशात होते तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

"पारोळाले नेयेल व्हतं," आबा म्हणाले. "पन रस्तामाच गया."